५७,५०९ कोटींची पुस्तिका आणि १२ हजार कोटींची जागा

३० जून २०२५, सोमवार. पावसाळी अधिवेशनाचा पहिलाच दिवस. वित्तमंत्री अजित पवार यांनी पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर लागणाऱ्या जादा खर्चाच्या मागण्या, विधानसभेत मांडल्या आणि अर्ध्या तासात सगळ्या वाहिन्यांवर एकच पट्टी फिरायला लागली: ५७,५०९ कोटी ७१ लाख. आमदारांना चर्चेसाठी टिपण काढून देणं हे माझं काम. त्या कामात ढोबळ बेरजेचा उपयोग फार थोडा, खरं काम मागण्यांची पुस्तिका हातात पडल्यावर सुरू होतं.

पहिली फोड सरकारच देतं. त्या दिवशीच्या मागण्यांत अनिवार्य १९,१८३.८५ कोटी, कार्यक्रमांतर्गत (योजनांसाठी) ३४,६६१.३४ कोटी आणि केंद्र पुरस्कृत योजनांपोटी ३,६६४.५२ कोटी होते. सोबत निव्वळ भार दिलेला असतो, तो ४०,६४४.६९ कोटी. म्हणजे जवळपास १७ हजार कोटी असे, की जे कागदावर खर्च दिसतात पण तिजोरीवर त्यांचा नवा बोजा नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या स्थानिक संस्थांच्या अनुदानासाठी ११,०४२.७६ कोटी मागितले होते. अशी रक्कम केंद्राकडून येते आणि ग्रामपंचायती-नगरपालिकांकडे जाते. खर्चाची बाजू वाढली तशी जमेचीही वाढते. सभागृहात कोणी ढोबळ आकडा तुटीत मिळवून बोलला, तर उत्तराला उभे राहणारे मंत्री याच फरकावर त्याला गप्प करतात. म्हणून टिपणाची पहिली ओळ कायम निव्वळ भाराची.

तरीही ‘निव्वळ भार’ वाचून निश्चिंत होऊ नये. सहकारी साखर कारखान्यांच्या मार्जिन मनी कर्जासाठी याच पुस्तिकेत २,१८२.६९ कोटी होते. राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं कर्ज राज्याने घ्यायचं आणि कारखान्यांना द्यायचं, अशा व्यवहारात येणं-जाणं सारखं दिसलं तरी फेडायची जबाबदारी राज्याच्या नावावर चढते. कारखान्याने हप्ते थकवले की ती उघडी पडते, आणि कारखान्यांचा आजवरचा इतिहास आमदारांना आम्ही सांगायची गरज नसते. असल्या नोंदी मी वेगळ्या कागदावर काढतो.

मग लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाच्या प्रकाराचे सांकेतिक क्रमांक. चार आकडी मुख्य लेखाशीर्षाचा पहिला अंक बघायचा: २ किंवा ३ असेल तर महसुली (चालू) खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली (मालमत्ता उभी करणारा), ६ किंवा ७ असेल तर कर्जे व आगाऊ रकमा. यात ६००३ आणि ६००४ बाजूला काढायचे, कारण ती जुन्या कर्जाच्या मुद्दलाची परतफेड. ती राजकोषीय तुटीत, म्हणजे कर्ज काढून भरायच्या वर्षाच्या एकूण खड्ड्यात, धरत नाहीत. २०४९ म्हणजे व्याज. ते राज्यघटनेच्या २०२(३) प्रमाणे भारित खर्चात मोडतं, त्यावर चर्चा होऊ शकते पण मतदान नाही. कर्ज जितकं वाढेल तितका अर्थसंकल्पाचा मतदानाबाहेरचा भाग वाढतो, आणि खर्चावर अंकुश ठेवण्याचा सभागृहाचा अधिकार त्या प्रमाणात आकसतो.

इथे नवीन पोरं हमखास घसरतात ती एककावर. विभागांच्या अर्थसंकल्पीय प्रकाशनांत आकडे ‘रुपये हजारात’ असतात. साखर कारखान्यांचे २,१८२.६९ कोटी हजारात लिहिले की २,१८,२६,९०० होतात. कोटी काढायला दहा हजारांनी भागायचं. सवयीने लाखाने भागलं की सगळं टिपण दहापटीने हलकं होतं. दुसरी फसगत हजार रुपयांच्या मागण्यांची. लाक्षणिक मागणी म्हणजे बाब नवीन आहे, पैसे त्याच मागणीतल्या बचतीतून भागवायचे आहेत, पण सभागृहाची मान्यता हवी. बेरजेत ती दिसतही नाही, तिच्यातून सुरू होणारी योजना मात्र पुढची कित्येक वर्षं अर्थसंकल्पात बसून राहते. खालचं स्पष्टीकरण शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागतं ते यासाठीच.

एवढी चाळणी झाल्यावर मूळ प्रश्न. खर्चाला आणि कर्जाला वेसण घालणारा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा राज्याने २००५ सालीच केलेला आहे, केंद्राने त्याआधी २००३ मध्ये. त्या कायद्यात या मागण्या बसतात का?

गणित अवघड नाही. मार्चमधल्या अर्थसंकल्पानुसार २०२५-२६ ची महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी. राज्याच्या अख्ख्या अर्थव्यवस्थेचं स्थूल उत्पन्न सुमारे ४९.३९ लाख कोटी धरलं होतं, त्याच्या तुलनेत तूट २.७६ टक्के. राजकोषीय तुटीवरची तीन टक्क्यांची रेघ येते सुमारे १,४८,१७० कोटींवर. म्हणजे अख्ख्या वर्षासाठी मोकळी जागा साधारण १२ हजार कोटींची, आणि पहिल्याच पुरवणीचा निव्वळ भार ४० हजार कोटींहून जास्त. सगळा खर्च झाला आणि जमा जराही वाढली नाही, तर तूट १,७६,८८० कोटी, म्हणजे ३.५८ टक्के. महसुली तुटीचं तर विचारायलाच नको. या कायद्यांचा मूळ रोख ती शून्यावर आणण्याचा होता.

मग २८-२९ हजार कोटींचा फरक जातो कुठे? वर्षअखेरच्या आकड्यांत तूट बहुधा रेघेच्या आसपासच दाखवली जाते. हे कसं जमतं, ते टिपणात लिहायची खरी गोष्ट.

थोडा भाग जमेतून निघतो: जीएसटी, मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क अपेक्षेपेक्षा बरे आले तर. मोठा भाग निघतो तो न केलेल्या खर्चातून. सभागृहाने मागणी मंजूर केली म्हणजे पैसे मिळाले, असा समज बाहेर फार आहे. मंजुरी ही परवानगी असते. निधी बीम्स या निधिवाटपाच्या संगणक प्रणालीवर वित्त विभाग टप्प्याटप्प्याने सोडतो, आणि किती टक्के सोडायचा हा हुकमाचा एक्का त्याच्याच हातात असतो. टक्केवारी आवळली की विभागाकडे तरतूद दिसते, पण देयक निघत नाही. रस्ता झालेला, मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली, ठेकेदाराचं बिल मात्र पडून. शासनाचे हिशेब रोखीवर चालतात. न दिलेलं बिल ना खर्चात येतं, ना तुटीत, ना कर्जात. माझ्या मते या कायद्याची सगळ्यात मोठी फट हीच आहे. तो रोखीने गेलेला पैसा मोजतो, अंगावर चढलेलं देणं मोजत नाही. तीन टक्के पाळले गेले असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातले काही टक्के ठेकेदारांनी आणि त्यांच्या पुरवठादारांनी बिनव्याजी उचललेले असतात.

शीर्ष बदलण्याची युक्तीही जुनी. सहायक अनुदानातून, म्हणजे दुसऱ्या संस्थेला दिलेल्या परत न घ्यायच्या पैशातून, मालमत्ता उभी राहिली तरी लेखा मानकांनुसार ते अनुदान महसुली खर्चच. तीच रक्कम महामंडळाला ‘भागभांडवली अंशदान’ म्हणून दिली की ती ४ किंवा ५ ने सुरू होणाऱ्या शीर्षात जाते आणि महसुली तूट हलकी होते. राजकोषीय तुटीला मात्र याने काही फरक पडत नाही, म्हणून दोन्ही तुटी शेजारी ठेवून वाचाव्यात. अर्थसंकल्पाबाहेर, महामंडळाच्या नावाने कर्ज काढण्याची वाट १९९६ साली स्थापन झालेल्या कृष्णा खोरे महामंडळाच्या रोख्यांपासून महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. ती आता बरीच बंद झाली आहे: राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडली जाणारी महामंडळांची कर्जं राज्याच्याच कर्जमर्यादेत धरू, असं केंद्राने मार्च २०२२ मध्ये कळवलं.

खरी वेसण केंद्राच्या या कर्जमर्यादेत आहे, राज्याच्या स्वतःच्या कायद्यात नाही. २००५ चा कायदा झाला तोही काही काटकसरीचा झटका आला म्हणून नव्हे. बाराव्या वित्त आयोगाने अट घातली होती: राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा करा, मग ३१ मार्च २००४ पर्यंतची केंद्राची कर्जं एकत्र करून २० वर्षांच्या मुदतीने साडेसात टक्के दराने मिळतील. कायदा मोडला तर मंत्र्याला वा सचिवाला शिक्षा नाही. निवेदन मांडून कारणं द्यायची. केंद्राच्या कायद्यात तर तीन टक्क्यांची मुदत २००८ पासून सरकत सरकत ३१ मार्च २०२१ वर आली, आणि त्याच वर्षी, करोनाच्या तडाख्यात, तूट ९.२ टक्के झाली. याउलट घटनेच्या २९३(३) चा दात खरा आहे. केंद्राचं कर्ज बाकी असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते, ती वर्षाच्या ठरावीक मर्यादेपुरतीच मिळते, आणि रिझर्व्ह बँकेच्या मंगळवारच्या लिलावात राज्याचे रोखे त्या मर्यादेपलीकडे येऊच शकत नाहीत. भांडवली खर्चासाठीची ५० वर्षांची बिनव्याजी केंद्रीय कर्जं या मर्यादेबाहेर असतात, म्हणून सगळी राज्यं त्यांच्यासाठी धावतात.

टिपणात शेवटी तीन प्रश्न दिले. निव्वळ ४०,६४४ कोटींपैकी किती रक्कम नव्या जमेतून आणि किती बचतीतून भागवणार, आणि बचत कोणत्या विभागाची? ३० जूनला मोजमाप होऊन न दिलेली देयकं विभागवार किती? हजार रुपयांच्या लाक्षणिक मागण्यांतून सुरू होणाऱ्या योजनांचा पुढच्या तीन वर्षांचा आवर्ती खर्च किती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच पुस्तिकेत नसतं, म्हणूनच तो विचारायचा. कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) द्यायची असेल तर ती काटकसरीची द्यावी, रक्कम नेमकी लिहून. शंभर रुपयांची लाक्षणिक सूचना भाषणापुरती ठीक. अखेरच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात, तेव्हा आपला विभाग चर्चेच्या यादीत वर यावा यासाठी गटनेत्याशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

डिसेंबरमध्ये नागपूरला आणखी ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. दोन्ही पुस्तिका मिळून सुमारे १ लाख ३३ हजार कोटी. आदल्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, जुलै, डिसेंबर आणि मार्च अशा तीन पुस्तिकांची बेरीज १,३७,१६३ कोटी होती, त्यात लाडक्या बहिणींसाठी जुलैमध्ये मागितलेले २५ हजार कोटी आले. यातला खर्च खरोखर किती झाला हे बघायला विनियोजन लेख्यांची (मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांच्या वार्षिक हिशेबाची) वाट पाहायची गरज नाही. महालेखापालांचे मासिक प्रमुख निर्देशांक कॅगच्या संकेतस्थळावर येतात. महसुली खर्च, भांडवली खर्च आणि तूट अर्थसंकल्पाच्या किती टक्के झाली ते तिथे महिन्यागणिक दिसतं. फेब्रुवारीपर्यंत भांडवली खर्च खाली रेंगाळला आणि मार्चमध्ये एकदम उसळला, तर बिलं कुठे अडून होती ते त्यावरून कळतं.