ड्रम फिल्टर: बाटली काळी का पडत होती, ते सापडलं

चोर सापडला, मंडळी! फिल्टरमधून येणारं पाणी नितळ, क्लोरीन भरपूर आणि तरी एच-टू-एसची बाटली (पाण्यात विष्ठेतले जिवाणू असले की काळी पडते ती) काळी. गेल्या अपडेटपासून हेच डोकं खात होतं. दोष क्लोरीनचा नाही, वाळूचा निघाला.

मुलुंडच्या गच्चीवरचा वाळू भरलेला 200 लिटरचा निळा ड्रम तुमच्या ओळखीचा आहेच. फर्स्ट फ्लश (घाण वाहून आणणारं पहिलं पाणी) सोडून घेतलेलं पावसाचं पाणी, तासाला 25-30 लिटर. गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) खाली आला तेव्हा शेजारच्या काकूंना मुद्दाम वर बोलावून ग्लास उजेडात धरून दाखवला. पण कबुतरांचा उच्छाद असलेल्या गच्चीवरून जिवाणू येणारच, आणि वाळूवरचा जैवथर (जिवाणू खाणारा सूक्ष्मजीवांचा थर) अजून पिकायचाय. म्हणून तर क्लोरीन. ओटीओला (क्लोरीन दाखवणारे थेंब) झकास पिवळा रंग येतो, अर्धा तास थांबतो, तरी बाटली काळी. डोस वाढवला, वास सहन होईना, बाटली काळीच.

शेवटी पीएचकडे (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते सांगणारा आकडा) वळलो. प्रिन्सेस स्ट्रीटवरून 7 आणि 10 चे बफर (ठरलेल्या पीएचची द्रावणं) आणून मीटर जुळवून घेतला. (स्वस्तातला पेन मीटर चालतो, पण बफरशिवाय त्याच्या आकड्यावर विसंबू नका. टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणारा) मीटर तर या कामात निरुपयोगी, जंतू त्याला दिसतच नाहीत.) ड्रममध्ये जाणारं पाणी 6.3, बाहेर पडणारं 9.1! पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा 6.5 ते 8.5. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणारं नळाचं पाणी त्याच मीटरवर 7.4, म्हणजे मीटर ठीक.

इथेच सगळा उलगडा झाला. जंतू मारतं ते मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल. पीएच 7.5 च्या आसपास मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मं त्या रूपात असतं, 9 ला शंभरात जेमतेम तीन-चार भाग. ओटीओ एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातलं कामाचं किती ते नाही.

मग मूठभर वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं. इनो टाकल्यासारखी फसफसली! भिंगाखाली पाहिलं तर शिंपल्यांचे पांढरे, वाकडे तुकडे. ‘धुतलेली क्वार्ट्झ’ म्हणून विकलेली गोणी. विक्रेता फोनवर म्हणतो, सगळ्यांना हीच देतो. म्हणून सांगतो, कुठलीही वाळू घ्या, आधी व्हिनेगर टाकून बघा. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, त्यामुळे शिंपल्यातला चुना विरघळला की पीएच आवरायला काहीच उरत नाही.

खात्री म्हणून बादलीभर गाळलेल्या पाण्यात थेंब थेंब व्हिनेगर घालून पीएच 7.2 वर आणला, मग क्लोरीनचा नेहमीचा डोस. (व्हिनेगर आणि क्लोरीन दाट रूपात कधीही एकत्र आणू नका, विषारी वायू सुटतो.) दोन दिवसांनीही बाटली फिकट तपकिरीच! ती अजून खिडकीत ठेवलीय, टाकवत नाही. प्यायला मात्र अजून नाही, लॅबचा अहवाल आल्याशिवाय एक घोटही नाही.

आता सगळी वाळू बदलायची, नागदेवीवरून बारीक जाळी आणून 0.15 ते 0.35 मिमीची चाळून घ्यायची, असं ठरलं होतं. पण 6.3 चं पाणी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप खाणार, म्हणजे थोडा शिंपला हवाच. बॉल व्हॉल्व्ह लावून बाजूला शिंपल्याची बरणी ठेवावी, हवं तेवढंच पाणी तिच्यातून सोडावं म्हटलं. आणि हे लिहिता लिहिता सुचलं: जुन्या वाळूचा वरचा बोटभर थर जपून काढून नव्या वाळूवर पसरला तर? जैवथराला विरजण मिळेल आणि त्यातला थोडा शिंपला पीएचही सावरेल. बरणी मग नंतर, मोजून बघून.

व्हिनेगरला न फसफसणारी क्वार्ट्झ ठाण्यापर्यंत कुठे सुटी मिळते का? मला निम्मा ड्रम भरेल एवढी हवीय.