आमची वाटचाल : शेड धुण्यापासून शेणाच्या निर्जंतुकीकरणापर्यंत

आमची फर्म सुरू झाली ती गोठे आणि कोंबड्यांची शेड निर्जंतुक करण्याच्या कामातून. खरडायचं, धुवायचं, वाळू द्यायचं, मग औषध फवारायचं. शेड स्वच्छ व्हायचं, पण खरडलेलं शेण तसंच उकिरड्यावर पडायचं. साल्मोनेला आणि ई. कोलायसारखे जीवाणू, क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी, जंतांची अंडी सगळी त्यातच असतात आणि पावसाबरोबर ओढ्या-विहिरीत उतरतात. हे डोळ्यांआड करणं आम्हाला पटेना, म्हणून कामाचा रोख शेणाकडे वळवला.

फरशीवर चालणारं औषध शेणात चालत नाही. क्लोरीन सेंद्रिय पदार्थांवरच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोहोचत नाही. शिवाय मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून क्लोरामाइनचा घातक वायू तयार होतो. शेणावर ब्लीचिंग पावडर टाकायला आम्ही आजही स्पष्ट नकार देतो.

पातळ रबड्यासाठी (शेण, मूत्र आणि पाण्याच्या मिश्रणासाठी) आम्ही चुन्याकडे वळलो. चुन्याची निवळी नव्हे, दाट दूध लागतं, आणि मोजमाप किलोवर न ठेवता सामूवर (pH वर) ठेवायचं. ढवळत ढवळत सामू १२ वर न्यायचा आणि २ तासांनी पुन्हा तपासायचा, कारण तो हमखास उतरतो. सामूचा कागद रबड्याच्या रंगाने माखतो, त्यामुळे मीटर वापरलेला बरा. एवढ्याने बरेचसे जीवाणू मरतात, जंतांची अंडी मात्र तग धरतात. सामू चढला की अमोनिया उडून जातो, म्हणजे खतातलं नत्र गेलं आणि काम करणाऱ्याचे डोळेही चुरचुरले. म्हणून हे काम मोकळ्या हवेतच. कळीचा चुना फोडताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. गॉगल आणि हातमोजे हवेतच. बंदिस्त खड्ड्यातला रबडा ढवळला की हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. अशा खड्ड्यात कोणी उतरायचं नाही, आत पडलेल्याला काढायलासुद्धा नाही.

घट्ट शेणासाठी मात्र उष्णतेसारखा उपाय नाही, आणि आमचं बहुतेक काम आज त्यावरच चालतं. लांब रास लावायची, उंची दीड ते दोन मीटर. कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) प्रमाण २५ ते ३० ला १, ओलावा ५० ते ६० टक्के. मूठ दाबली की बोटं ओली व्हावीत, पाणी गळू नये. कोंबडखतात नत्र फार असतं, त्यात लाकडाचा भुसा किंवा पेंढा भरपूर मिसळावा लागतो, नाहीतर नुसता अमोनियाचा भपकारा येतो आणि नत्र वाया जातं. रास ५५ अंशांवर १५ दिवस राहिली पाहिजे आणि त्या काळात किमान ५ वेळा पलटी. पलटी कशासाठी? रास मध्ये तापते, कडा आणि तळ थंडच राहतात, आणि जंतू तिथेच वाचतात. बाहेरचं आत गेलंच पाहिजे. एक मीटर लांब दांडीचा थर्मामीटर चार-पाच ठिकाणी खुपसायचा. एकाच जागेच्या आकड्यावर विसंबायचं नाही. रास तापत नसेल तर आधी ओलावा बघा. फार ओली रास दबते, हवा कोंडते आणि कुजका वास सुटतो. पारा ६५ च्या वर चालला तर लगेच पलटी द्या, कारण त्यापुढे कुजवणारे उपयोगी जीवाणूच मरू लागतात.

बायोगॅसमधून निघालेली मळी सुरक्षित असते, असा समज आहे. ३५ ते ३७ अंशांवर चालणाऱ्या संयंत्रात जंतू कमी होतात, संपत नाहीत. अशा मळीसाठी आम्ही पाश्चरीकरणाची टाकी घेतली: तुकडे १२ मिलिमीटरपेक्षा बारीक करायचे आणि ७० अंशांवर सलग एक तास ठेवायचं. गोळा मोठा राहिला तर त्याचा गाभा तापत नाही.

फाशी रोगाचा (अँथ्रॅक्स) संशय असेल तर आम्ही शेणाला हात लावत नाही. त्याचे बीजाणू राशीच्या उष्णतेला दाद देत नाहीत. आधी सरकारी पशुवैद्यकांना कळवायचं आणि ते सांगतील तसंच करायचं.

तयार खताला कच्च्या शेणाचं फावडं लागलं तर साल्मोनेला त्यात पुन्हा वाढू शकतो. म्हणून आमच्याकडे कच्च्या आणि तयार मालाची अवजारं, गाड्या आणि गमबूट वेगळे आहेत, कच्च्या शेणाचं पाणी तयार राशीकडे वाहू नये असा उतार काढलेला आहे, आणि प्रत्येक खेपेबरोबर त्या राशीचा तापमानाचा आणि पलटीचा तक्ता दिला जातो.