अकरावी-बारावीतले गाणे: शास्त्राची वही आणि गळा

अकरावीला संगीत हा विषय घेऊन येणाऱ्या बहुतेक मुलांचे तोपर्यंतचे शिक्षण ऐकून गाण्याचे असते. गुरुजींनी म्हणायचे आणि मागोमाग आपण म्हणायचे, अशा रीतीने चार-सहा राग त्यांच्या गळ्यावर चढलेले असतात. मग एकदम थाट (स्वरांवरून केलेले रागांचे गट), श्रुती (स्वरांमधली सूक्ष्म अंतरे), वादी-संवादी (रागातला मुख्य स्वर आणि त्याच्या जोडीचा स्वर), स्वरलिपी (गाणे लिहून ठेवण्याची चिन्हे) हे सारे समोर येते, लेखी परीक्षेसाठी वेगळी वही होते, आणि गाणे व शास्त्र हे जणू दोन निराळे विषय असल्यासारखे शिकवले जाऊ लागतात. या वयाच्या मुलांना गायन शिकवताना मला सर्वांत जास्त खटकते ती ही फारकत, कारण त्या वहीतल्या बहुतेक व्याख्या गाऊन पडताळून पाहता येतात आणि तशा पडताळल्या तरच त्या टिकतात.

भूप आणि देशकार यांचेच पाहा. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर लागतात. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. भूपाचा वादी गंधार व संवादी धैवत, देशकाराचा वादी धैवत व संवादी गंधार; एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, दुसरा सकाळी. एवढे कोणीही पाठ करून लिहील. पण तानपुरा सुरू करून विद्यार्थ्याला देशकार गायला सांगावा आणि नीट ऐकावे. ‘सा ग प ध’ असा तो धैवतावर जातो, तिथे थांबतो, तोवर सारे ठीक असते. उतरताना मात्र गंधारावर जरा जास्त विसावला आणि तिथून सावकाश रिषभाला आला, की देशकार सरतो आणि भूप उभा राहतो. स्वर एकही चुकलेला नसतो, तरी राग बदललेला असतो. हे त्याच्या स्वतःच्या गळ्यातून घडले आणि त्याच्या स्वतःच्या कानाने पकडले, की वादी स्वर म्हणजे काय आणि पूर्वांगप्रधान व उत्तरांगप्रधान (सप्तकाच्या खालच्या किंवा वरच्या भागावर भर देणारा राग) असा भेद कशासाठी करतात, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच जोडीवरून थाटांकडेही जाता येते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी हिंदुस्थानी रागांची मांडणी दहा थाटांत केली आणि तीच आज पाठ्यक्रमांत शिकवली जाते. तिच्यानुसार भूप कल्याण थाटात येतो आणि देशकार बिलावल थाटात. मी मुलांना विचारते, की कल्याणाची खूण तीव्र मध्यम, मग मध्यमच लागत नसेल तर भूपाला कल्याण कशावरून म्हणायचे? नुसते पाच स्वर पाहिले तर हा राग बिलावलातही बसेल आणि निषाद वर्ज्य असल्यामुळे कोमल निषादाच्या खमाजातही बसेल. त्यावर बराच वेळ वाद चालतो, आणि अखेर कोणीतरी कल्याण थाटातलाच यमन व भूप पाठोपाठ गाऊन पाहतो. गंधाराभोवतीची दोन्हींची चाल किती जवळची आहे ते तेव्हा ऐकू येते. थाट ही स्वरांच्या बेरजेवरून केलेली वर्गवारी असली तरी ती लावताना रागाचे चलनही, म्हणजे स्वरांची चालही, पाहावी लागते, आणि म्हणूनच तिला मर्यादा आहेत, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना उत्तम कळते. लहान वयात हा प्रश्न सुचत नाही. या दोन वर्षांचे मोल मला त्यातच वाटते: कान तयार होत आलेला असतो आणि ‘का’ असे विचारण्याची बुद्धीही आलेली असते.

स्वरलिपीच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931), ज्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, त्यांची लिपी आणि भातखंडे यांची लिपी यांत स्वरावरच्या बिंदूचा अर्थ उलटा आहे: भातखंडे पद्धतीत वरचा बिंदू तार (वरच्या) सप्तकाचा, पलुस्कर पद्धतीत तो मंद्र (खालच्या) सप्तकाचा. ही चिन्हे पाठ करावीच लागतात. पण लिपी खरी कळते ती ऐकलेली बंदिश स्वतः कागदावर उतरवताना. त्रितालातल्या (सोळा मात्रांच्या) कितीतरी छोट्या ख्यालांचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतो. विद्यार्थी मात्र हमखास पहिला शब्द पहिल्या मात्रेखाली लिहितो आणि मग सम (तालाची पहिली मात्रा) भलत्याच अक्षरावर येते. हातावर ताल धरून तेच पुन्हा म्हटले की चूक त्याची त्याला सापडते.

मुलग्यांच्या आवाजाबद्दलही लिहायला हवे. कंठ फुटल्यावर त्यांचा आवाज साधारण एक सप्तक खाली येतो, आणि या वर्षांपर्यंत तो नुकताच स्थिरावू लागलेला असतो. जुन्या पट्टीचा (गाण्याच्या मूळ सुराचा) हट्ट धरून तार षड्ज ओढून लावण्यात काहीही साधत नाही. पट्टी नव्याने ठरवावी, मंद्रातले स्वर शांतपणे लावावेत आणि खर्ज (खालचे स्वर) जबरदस्तीने दाबू नये.

बारावीच्या वर्षी इतर विषयांचा भार वाढतो आणि पहिला घाव रियाजावर पडतो. पालक सांगतात, की सध्या लेखी भाग वाचून घे, गाणे परीक्षेनंतर आहेच. मी त्यांना आग्रहाने उलट सांगते: वेळ थोडा असेल तर वही कमी वाचावी आणि एकच राग रोज गावा, पण गाताना त्याचा थाट, वादी, न्यासाचे (विसाव्याचे) स्वर आणि जवळचा राग यांचा विचार मनात जागा ठेवावा. असे गायलेल्या रागाची माहिती लिहायला बसल्यावर मुलांचे ओठ हलत असतात. ती स्वर मनात म्हणत असतात आणि तेच उत्तरपत्रिकेत उतरवत असतात.