बाकी किती उरली?

भांडुप, मंगळवार, रात्र

आज पायथॉन या संगणकाच्या भाषेतले ऑपरेटर, म्हणजे गणिताच्या खुणा, शिकले. बेरीज, वजाबाकी, गुणाकारात नवं फारसं नाही. गुणाकाराला फुलीऐवजी चांदणी, एवढंच. भागाकाराच्या मात्र दोन खुणा आहेत. एक तिरकी रेघ दिली की ७ / २ चं उत्तर ३.५ येतं, दोन रेघा दिल्या की ३. शिवाय टक्क्याची खूण. तिचा टक्केवारीशी काही संबंध नाही. ७ % २ म्हणजे भाग देऊन उरलेली बाकी, १. सगळी संध्याकाळ या एकाच खुणेवर गेली आणि मला ती मनापासून आवडली.

जे जे फिरून पुन्हा पहिल्यावर येतं, ते सगळं बाकीचं गणित आहे. रात्री ११ नंतर पाच तासांनी किती वाजतील? (२३ + ५) % २४, म्हणजे पहाटेचे ४. रात्री १ च्या आधी तीन तास? (१ - ३) % २४. इथे पायथॉन २२ देतो, रात्रीचे बरोबर दहा. सी भाषेत हेच लिहिलं तर उणे २ येतं, कारण तिथे बाकी भाज्याचं चिन्ह घेते आणि पायथॉनमध्ये भाजकाचं. इतकी बारीक गोष्ट कुणीतरी विचार करून ठरवली असेल, याचंच मला अप्रूप वाटत राहिलं.

मग वार काढायला घेतले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली. १७० वर्षांनी, १६ एप्रिल २०२३ ला रविवार होता. मधले दिवस १७० × ३६५, अधिक लीप वर्षांचे ४१, एकूण ६२,०९१. त्याला % ७ केलं, बाकी १. म्हणजे रविवारच्या एक दिवस मागे: पहिली गाडी शनिवारी धावली! लीप वर्षं नुसती चार-चारने मोजली तर ४२ भरतात आणि उत्तर शुक्रवार येतं. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्याचा हा फरक.

तो नियमही बाकीतच मावतो. चारने भागून बाकी शून्य आणि शंभरने भागून शून्य नाही, किंवा चारशेने भागून शून्य. म्हणून २००० लीप, १९०० नाही. ‘शून्य आहे का’ हे विचारायला बरोबरची खूण दोनदा द्यायची. एकदा दिली तर डावीकडच्या नावात उजवीकडची किंमत साठवली जाते. पायथॉन ‘अँड’ (आणि) आधी जोडतो आणि ‘ऑर’ (किंवा) नंतर, त्यामुळे कंस नसले तरी चालतं. मी तरीही घातले. वाचणाऱ्याला बरं पडतं.

जेवण झाल्यावर ताईच्या ड्युटीचं चक्र घातलं. तिच्या वॉर्डात दोन दिवस सकाळ, दोन दुपार, दोन रात्र, दोन सुट्ट्या; आठ दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. चक्राच्या पहिल्या दिवसापासून गणपतीपर्यंतचे दिवस मोजले, % ८ केलं. बाकी ४. पहिला दिवस शून्य धरला, म्हणून हा चक्राचा पाचवा दिवस. ताईला लगेच फोन केला, “ताई, गणपतीच्या दिवशी तुला रात्रपाळी येतेय.” ती म्हणाली, “बरं झालं सांगितलंस गं, उद्याच सिस्टरांकडे ड्युटी बदलून मागते.”