प्लास्टिकचे चिमटे: टोकं घासून झाली, आता कामाला लावलेत

१:७२ प्रमाणाच्या मॉडेल विमानाचं कॉकपिट बंद झालं, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) बसली, आता पोटात एलईडी जायचाय. पण या खेपेची नोंद विमानापेक्षा चिमट्यांचीच जास्त आहे. स्वस्तातला प्लास्टिकचा संच आणलाय आणि स्टीलचा चिमटा मुद्दाम बाजूला ठेवलाय.

पाकिटातून काढला की आधी उजेडासमोर धरून हलकेच मिटून बघायचा. माझ्या संचातल्या अणकुचीदार चिमट्याची पाती टोकाच्या मागेच टेकत होती, टोकाशी फट. शिवाय साच्याच्या जोडरेषेची कड तशीच राहिलेली. या किमतीच्या मालात हे असायचंच. कड ब्लेडने खरवडली. मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर पात्यांमध्ये धरून चिमटा अलगद दाबला आणि कागद ओढून घेतला. कागद उलटा केला, पुन्हा तेच. म्हणजे दोन्ही पाती सारखी घासली जातात. शेवटचा हात १००० नंबरचा. फट मिटली की थांबायचं, हौसेने घासत बसलं तर टोक पातळ होऊन लवायला लागतं.

पकडही बदलावी लागते. स्टीलच्या सवयीने जोर लावला की पाती मधे वाकतात, टोकं फाकतात आणि तुकडा टिचकी मारल्यासारखा उडतो. म्हणून बोटं टोकाजवळ, दाब हलका. फोटोएचचे (रसायनाने कोरलेले धातूचे) बारीक पत्रे मात्र यात घसरतात. त्यांना स्टीलच हवं. ओली डेकल उचलायला याच संचातला चपट्या टोकाचा चिमटा झकास, डेकलला भोक पडत नाही.

खरी मजा बॅटरीपाशी आली. सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल. त्याची कड आणि एक बाजू धन, दुसरी बाजू ऋण. स्टीलच्या चिमट्याने वरून-खालून धरला की थेट शॉर्ट. प्लास्टिकने बिनधास्त उचला. झाकणातला निओडिमियम चुंबकाचा मणीही याला चिकटत नाही, जागेवर ठेवला की सुटतो.

कोरड्या हवेत साध्या प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि हलके तुकडे टोकाला चिकटून बसतात. त्यासाठी कार्बन मिसळलेले अँटिस्टॅटिक चिमटे मिळतात. पण कार्बनमुळे ते पुरते विद्युतरोधक राहत नाहीत, त्यामुळे चालू सर्किटमध्ये ते घालू नयेत. आणि काळा दिसला म्हणजे अँटिस्टॅटिक असं मुळीच नाही, नुसता रंगही असतो.

मॉडेलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवून जोडणारा पातळ सिमेंट (गोंद) वापरताना चिमटा एबीएस प्लास्टिकचा नाही ना, तेवढं बघा. एबीएसही त्यात मऊ पडतं. नायलॉन किंवा अ‍ॅसिटल प्लास्टिक असेल तर काळजी नाही.

आता एलईडीच्या तारा. सोल्डरिंग आयर्न ३०० अंश सेल्सिअसच्या वर, अ‍ॅसिटल १७० च्या आसपासच वितळतं, त्यामुळे तेवढ्यापुरता स्टीलचा चिमटा परत टेबलावर येईल. सेल शेवटी बसवणार, तो प्लास्टिकनेच.