अर्धी बादली

आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतात. येतात म्हणजे आधी नुसते फुसफुसतात, मग दोन-तीनदा खोकतात, थोडं गढूळ ओकतात आणि मग कुठे धार धरतात. मे महिन्यात इंदूरला पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना हे पंचांग सांगावं लागतं: आज नळाचा दिवस की कोरडा दिवस. पुण्याहून आलेल्या माझ्या नातवंडांना ते सांगायचं राहून गेलं, आणि त्यांनी बॅगेतून हवा भरायचा निळा पूल बाहेर काढला.

चार फूट रुंदीचा होता. आठ इंच भरला तरी पुष्कळ, असं नात म्हणाली. ती नऊ वर्षांची, धाकटा पाचाचा. आमच्या ह्यांनी लगेच पेन्सिल घेतली. सव्वादोनशे लिटर, म्हणजे आपल्या पंधरा बादल्या! “अगं, ही नर्मदा 70 किलोमीटरवरून येते,” असं त्यांनी नातीला सांगितलं, पण ऐकवलं मला.

त्यांचंही खरंच आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूदला नदी उपसतात आणि पंपांवर पंप लावून विंध्याचा घाट चढवतात, अर्धा किलोमीटर तरी उंच. नर्मदा इंदूरला आणा म्हणून 1970 साली शहर रस्त्यावर उतरलं होतं. पाणी आलं 1978 साली. मी शाळेत होते. त्या आधीच्या उन्हाळ्यातली आईची कळशी ज्याने पाहिली आहे, त्याच्या हातून पंधरा बादल्या सहज ओतल्या जात नाहीत. तरी नातवंडांचं तोंड बघून नळाच्या दिवशी पूल भरला. पहिला अर्धा तास मजा आली. मग त्यात बोगनवेलीची पानं पडली, धाकट्याने जे करू नये ते केलं, आणि दोघं बाहेर येऊन “आता काय खेळू?” म्हणून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बोगनवेलीच्या काट्याने उरलेलं काम केलं.

मला मनातून फार वाईट वाटलं नाही. नुसतं साठलेलं पाणी हे खेळणं म्हणून तसं मठ्ठच. त्यात बसायचं, आणखी काय? पाणी कुठेतरी जायला लागलं की पोरं त्याच्या मागे धावतात. म्हणून मी नियम केला: माणशी रोज अर्धी बादली. ती कशी पुरवायची ते तुमचं तुम्ही बघा.

पहिल्या दिवशी रड झाली. अर्धी बादली एकमेकांच्या अंगावर फेकून दोन मिनिटांत संपली. दुसऱ्या दिवसापासून मात्र दोघं मारवाड्यासारखी हिशेबी झाली. माझ्या स्वयंपाकघरातून एकेक वस्तू परसात जाऊ लागली: नरसाळं, पळी, चहाची गाळणी, इडलीपात्राची एक ताटली. माळ्यावरून रंगपंचमीची पितळी पिचकारी खाली आली. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा मोटरपंपाच्या फवाऱ्याने तिसऱ्या मजल्यावरची माणसंही भिजतात. पण मार्चमध्ये ठेवलेली पिचकारी मेपर्यंत कोरडी ठणठणीत. दट्ट्याला गुंडाळलेला दोरा सुकून सैल पडतो आणि पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे हातावर गळतं. रात्रभर तो भिजत घातला, खोबरेल लावलं, मग कुठे धार अंगणाच्या भिंतीपर्यंत पोचली.

ह्यांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीला खाली तापलेल्या सुईने तीन भोकं पाडून दिली. बाटली भरून झाकण घट्ट लावलं की भोकं असूनही पाणी गळत नाही. झाकण जरा सैल केलं की तीन धारा. वरून हवा आत शिरायला वाट मिळाली तरच पाणी खाली उतरतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण धाकट्याला ते शास्त्र नको होतं, सत्ता हवी होती. “थांब!” म्हणायचा आणि झाकण आवळायचा, “चल!” म्हणायचा आणि सैल करायचा. मोगरा, कढीपत्ता आणि माझी चप्पल यांना त्याने असं आठवडाभर हुकमावर पाणी दिलं.

नातीचा खेळ शांत होता. परातीत पाणी, पाण्यावर स्टीलची वाटी, आणि वाटीत एकेक चिंचोका. कितव्याला बुडेल यावर पैज. चिंचोके मध्ये रचले तर वाटी पुष्कळ सोसते, एका कडेला पडले की लवकर कलंडते, हे तिचं तिलाच कळलं. दुपारी फ्रीजमधून बर्फाचा गोळा निघायचा, त्यात आदल्या रात्री गोठवलेलं झेंडूचं फूल किंवा धाकट्याची मोटार. वर खडेमीठ टाकलं की बर्फाला खड्डे पडतात आणि आतला कैदी लवकर सुटतो. कुल्फीवाला बर्फात मीठ का घालतो, हा प्रश्न त्यावरून निघाला आणि संध्याकाळी कुल्फी आणायला लावूनच मिटला.

परंतु माझ्या मते सगळ्यात भारी खेळ कुणी शिकवलाच नाही. आमच्या परसाची माती माळव्याची, काळी. पावसात फुगते, आणि उन्हाळ्यात अशी आकसते की तिला भेगा पडतात, बोट जाईल एवढ्या रुंद. कढीपत्त्याजवळ अशी एक भेग होती. धाकट्याने त्यात पेला ओतला. पाणी गुडूप. दुसरा ओतला, तोही गुडूप. आतून फक्त बुडबुड असा आवाज. तो पालथा झोपून भेगेला कान लावून ऐकू लागला. “आजी, ही कुठे पिते?” मग दोघांची सगळी बादली त्या भेगेत जाऊ लागली. नातीने कडेला माचिसची काडी आडवी ठेवून रुंदी मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काडी बसेना, भेगेच्या कडा मऊ होऊन एकमेकींकडे सरकल्या होत्या. आठव्या दिवशी तिथे नुसती एक रेघ उरली. धाकटा रडवेला झाला, त्याच्या म्हणण्यानुसार तिचं तोंड मिटलं होतं. एक काचेची गोटीही आत गेली आहे, ती बहुधा पुढच्या मेमध्ये परत मिळेल.

माझी पहारेदारी मात्र सतत चालू असायची. छोटं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, म्हणून बादली कितीही भरलेली असो, मी खुर्ची टाकून तिथेच. फोन आला तरी वाजू द्यायचा. अकरानंतर आणि पाचाच्या आत अंगणात पाय नाही, नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागल्यावर तर मुळीच नाही. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देतं, ते आधी झाडाला सोडायचं. ओल्या हाताने कूलरकडे फिरकायचं नाही, यावर मी ओरडायचेसुद्धा. आणि रात्री परात, बादल्या पालथ्या. स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवडाभरात तयार होतो, हे आमच्या गल्लीला वेगळं शिकवावं लागत नाही.

सकाळी ऊन अंगणात उतरलं की शेवटचा खेळ. बादलीच्या तळाशी राहिलेलं पाणी, ह्यांचा दाढीचा जुना ब्रश, आणि ओट्याची कोटा फरशी. पाण्याने नाव लिहायचं. फरशी इतकी तापलेली असते की शेवटचं अक्षर येईतो पहिलं उडालेलं असतं. नातीचं नाव चार अक्षरी, त्यामुळे ती कायम हरायची आणि चिडायची. धाकट्याला फक्त स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर येतं. तो तेच पुन्हा पुन्हा लिहायचा.

मुलं परवा गेली. फाटका पूल मी कूलरवर पावसाळ्यासाठी झाकायला ठेवला आहे, भोकाची बाटली मोगऱ्याच्या कुंडीत उभी आहे. चहाची गाळणी मात्र अजून सापडलेली नाही. दोन दिवस आम्ही चहा फडक्याने गाळतो आहोत.