रिकामी घरं भरण्याआधी

अभ्यासाची डेटा शीट हातात आली की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: किती टक्के मिसिंग, म्हणजे माहिती नसलेली घरं, चालतात, पाच की दहा? याचं सरसकट उत्तर देता येत नाही. दोन टक्के रिकामी घरं निष्कर्ष बिघडवू शकतात आणि तीस टक्के असूनही तो नीट राहू शकतो. ते घर रिकामं का राहिलं, यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून भरण्याचा विचार करण्याआधी प्रत्येक रकान्याचं किमान, कमाल आणि वारंवारता काढून बघा. भरलेल्या दिसणाऱ्या घरांत ९९, ९९९ किंवा -९ असे 'माहिती नाही'चे कोड लपलेले असतात आणि सॉफ्टवेअर ते खरे आकडे समजून सरासरीत धरतं. उलटंही होतं. धूम्रपान न करणाऱ्याला 'दिवसाला किती सिगारेटी' हा प्रश्न विचारलेलाच नसतो. तिथे उत्तर शून्य आहे, ते मिसिंग म्हणून भरायला घेतलं तर न ओढलेल्या सिगारेटी त्याच्या नावावर चढतील. प्रयोगशाळेचं यंत्र मोजू शकतं त्याहून पातळी कमी असेल, तर 'या मर्यादेच्या खाली' एवढं तरी आपल्याला ठाऊक असतं. ते सेन्सॉर्ड, म्हणजे फक्त मर्यादा ठाऊक असलेलं, मोजमाप आहे, त्याची पद्धत वेगळी.

एवढं झाल्यावर जी घरं खरोखर रिकामी उरतात, त्यांच्यासाठी संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात मांडलेला विचार आजही पाया आहे. त्यातून रिकामेपणाच्या कारणानुसार तीन प्रकार पडतात. परीक्षानळी फुटली म्हणून रक्ताचा निकाल नाही, यात रुग्णाचा काही संबंध नाही, हा एमसीएआर (मिसिंग कम्प्लीटली ॲट रँडम). वयस्कर लोक पाठपुराव्याला कमी आले, पण प्रत्येकाचं वय आपल्याकडे नोंदलेलं आहे आणि एकाच वयाच्या लोकांत येणं-न येणं निकालावर अवलंबून नाही, हा एमएआर (मिसिंग ॲट रँडम). नैराश्य वाढलं म्हणूनच माणूस नैराश्याची प्रश्नावली भरायला आला नाही. हा एमएनएआर (मिसिंग नॉट ॲट रँडम), आणि सर्वात अवघड तोच. लिटल यांची चाचणी ही एमसीएआर तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी, पण ती फक्त एमसीएआरच्या विरोधात पुरावा देऊ शकते. ती 'सिग्निफिकंट' आली नाही म्हणजे एमसीएआर सिद्ध झालं असं होत नाही. एमएआर की एमएनएआर हे तर हातातल्या डेटावरून कुठलीच चाचणी ठरवू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारे आकडेच नेमके गायब असतात. तिथे विषयाचं ज्ञान लागतं. गळतीचं कारण प्रत्येक वेळी नोंदवून ठेवलेलं असेल, तर त्याचा इथे फार उपयोग होतो.

अपूर्ण ओळी काढून टाकणं सोपं वाटतं, पण हिशेब करून बघा. २० चल (म्हणजे रकाने), प्रत्येकात स्वतंत्रपणे फक्त ५ टक्के मिसिंग: पूर्ण ओळी उरतात सुमारे ३६ टक्के. हजारातल्या साडेसहाशेच्या आसपास लोकांची माहिती कचऱ्यात. तरी या पद्धतीला सरसकट वाईट म्हणणंही चूक आहे. घर रिकामं राहणं फक्त मॉडेलमधल्या स्वतंत्र चलांवर अवलंबून असेल आणि त्यांच्यापलीकडे आउटकमशी, म्हणजे ज्या परिणामाचा अभ्यास आहे त्याच्याशी, त्याचा संबंध नसेल, तर पूर्ण ओळींवरच्या रिग्रेशनचे गुणांक (प्रत्येक चलाचा आउटकमशी संबंध किती, ते सांगणारे आकडे) पक्षपाती होत नाहीत. अचूकता मात्र घटते.

रिकाम्या जागी सरासरी भरणं आता थांबायलाच हवं. ३० टक्के घरांत सरासरी भरली की प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, सुमारे १६ टक्क्यांनी आकसतं, दुसऱ्या चलाशी सहसंबंधही तेवढाच क्षीण होतो, आणि हे एमसीएआर असतानाही होतं. शेवटचं मोजमाप पुढे ओढण्याची पद्धत, म्हणजे एलओसीएफ, अधिक धोक्याची. ज्या आजारात प्रकृती कालांतराने खालावतच जाते, तिथे दुष्परिणामांमुळे लवकर सोडून गेलेल्या रुग्णाचा सुरुवातीचा बरा स्कोअर शेवटपर्यंत गोठतो. परिणामी जे औषध जास्त लोकांना पळवून लावतं, तेच गुणकारी दिसतं.

मल्टिपल इम्प्युटेशनमध्ये प्रत्येक रिकाम्या जागी अनेक संभाव्य किमती काढून अनेक पूर्ण डेटासेट बनवतात, प्रत्येकाचं विश्लेषण वेगळं करतात आणि शेवटी निकाल जोडतात. 'आर' या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधलं माइस पॅकेज त्यासाठी सर्रास वापरलं जातं. सर्वात जास्त घोटाळा इम्प्युटेशन मॉडेलमध्ये, म्हणजे किमती ज्यावरून भरतो त्या मॉडेलमध्ये, होतो. आउटकम त्यात घालायचाच. 'आउटकम वापरून एक्स हा रिकामा चल भरला आणि मग एक्सवरून आउटकमचा अंदाज केला, ही तर फसवणूक' असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात आउटकम वगळला तर भरलेल्या किमतींचा त्याच्याशी संबंधच राहत नाही आणि गुणांक शून्याकडे ओढला जातो. सर्व्हायव्हल विश्लेषणात, म्हणजे एखादी घटना घडेपर्यंतच्या काळाच्या अभ्यासात, घटना घडली की नाही हा निर्देशक आणि नेल्सन-आलेन अंदाज (त्या वेळेपर्यंत साठलेल्या जोखमीचा), दोन्ही घाला. अंतिम मॉडेलमध्ये इंटरॅक्शन (एका चलाचा परिणाम दुसऱ्यानुसार बदलणं) असेल तर भरतानाही त्याची दखल हवी. शिवाय अंतिम मॉडेलमध्ये नसलेले, पण रिकाम्या चलाशी घट्ट जोडलेले पूरक चल घेतले तर एमएआर हे गृहीतक अधिक पटण्यासारखं होतं.

उंची, वजन आणि बीएमआय तिन्ही एकमेकांवरून भरायला लावले, तर भरण्याच्या फेऱ्यांची साखळी भरकटते. बीएमआय सूत्राने काढा आणि उंची-वजनाचा अंदाज करताना त्याला बाजूला ठेवा. रुग्ण क्रमांकाचा रकाना प्रेडिक्टरमधून, म्हणजे अंदाजासाठी वापरायच्या चलांतून, काढा. मग ट्रेस प्लॉट, म्हणजे फेरीगणिक भरलेल्या किमतींचा आलेख, बघा: रेषा एकमेकींत मिसळायला हव्यात, वर किंवा खाली सरकत जायला नकोत. माइसमध्ये डेटासेट आणि पुनरावृत्ती (फेऱ्या) दोन्ही न सांगता ५ धरली जातात, आणि ती बहुतेक वेळा अपुरी पडतात. जितके टक्के ओळी अपूर्ण, किमान तितके डेटासेट, हा ठोकताळा चांगला आहे. सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांचा सुरुवातीचा क्रमांक, तोही नोंदवून ठेवा.

जोडणी रुबिन यांच्या नियमांनी. समजण्यापुरते पाचच डेटासेट घेऊ. गुणांक २.१, २.५, १.९, २.४, २.१, सरासरी २.२. प्रत्येकाची स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) ०.५, म्हणजे आतलं व्हेरिअन्स, तिचा वर्ग, ०.२५. पाच गुणांकांमधलं आपसातलं व्हेरिअन्स ०.०६, त्याला १ + १/५ ने गुणलं की ०.०७२. बेरीज ०.३२२, वर्गमूळ सुमारे ०.५७. एकाच भरलेल्या डेटासेटवर थांबलो असतो तर ०.५ छापून मोकळे झालो असतो. एकूण अनिश्चिततेतला सुमारे २२ टक्के वाटा मिसिंग माहितीचा आहे, आणि तो वाचकाला दिसलाच पाहिजे. ऑड्स रेशो (दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) जोडायचे तर आधी लॉग घ्या. पाच डेटासेटची सरासरी काढून एकच डेटासेट बनवणं किंवा पी-व्हॅल्यूंची सरासरी काढणं, दोन्ही चूक.

वारंवार मोजलेल्या आउटकममध्येच मिसिंग असेल आणि एमएआर पटत असेल, तर मिक्स्ड मॉडेल (एकाच माणसाची अनेक मोजमापं एकत्र हाताळणारं मॉडेल) उपलब्ध मोजमापं थेट वापरतं, वेगळं भरावं लागत नाही.

हे सगळं एमएआरवर उभं आहे आणि ते खोटं असू शकतं, म्हणून संवेदनशीलता तपासणी. समजा नैराश्याचा स्कोअर ० ते २७ आहे, जास्त म्हणजे वाईट. नव्या उपचाराच्या गटात भरलेल्या प्रत्येक किमतीत १ मिळवा आणि पुन्हा विश्लेषण करा, मग २, मग ३, निष्कर्ष उलटेपर्यंत. तो ८ वर उलटला तर तज्ज्ञाला विचारा: निघून गेलेले रुग्ण त्यांच्यासारख्याच थांबलेल्या रुग्णांपेक्षा सरासरी ८ गुणांनी वाईट असतील का? १ वरच उलटला तर तेही शोधनिबंधाच्या मुख्य भागात, निकालाच्या शेजारी लिहा. मिळवायच्या आकड्यांचा पल्ला डेटा उघडण्याआधी, प्रोटोकॉलमध्येच ठरलेला हवा.